शनिवारी नेणारं, बुधवारी आणणारं विमान

“कोची? मग सरळ केरळला जातोय म्हणा ना,” बाबा फोनवर म्हणाले. त्यांना समजावून सांगितलं, की हे कोची जपानातलं, शिकोकू नावाच्या बेटावरचं. तिकिटं शोधायच्या संकेतस्थळांचाही पहिले काही दिवस हाच घोळ होत होता. नुसतं कोची टाकलं की केरळचं विमानतळ पुढे यायचं, आणि भाड्याचा आकडा बघून मी चक्रावून जायचे. मग केसीझेड हा तीन अक्षरी संकेत पाठ केला. केरळच्या कोचीचा सीओके, आपल्या कामाचा केसीझेड.

आम्ही तैवानमध्ये, शिन्चूला राहतो. मी आणि नवरा दोघंही चिप डिझाइनमध्ये, लेक सात वर्षांची. इथे आल्यापासून जपानला जाणं म्हणजे पुण्याहून गोव्याला जाण्यासारखं वाटतं. ऑफिसात प्रत्येक जण वर्षातून एकदा तरी जाऊन येतो. आम्हीही एकदा ओसाकाला गेलो होतो. पण यावेळी जायचं ठरलं ते बाबांमुळे.

बाबा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतात. त्या वर्षी तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, त्याचे फोटो त्यांनी पाठवले आणि विचारलं, “तुमच्या तिकडे चालतं का गं कुणी असं?” मी त्यांना शिकोकूची वाट सांगितली. कुकाई नावाच्या साधूच्या नावानं जोडलेली ८८ मंदिरं, सगळ्या बेटाला वळसा घालणारी जवळजवळ १२०० किलोमीटरची वाट, पांढरे कपडे, गवताची टोपी, हातात काठी. यात्रेकरूच्या कपड्यावर लिहिलेलं असतं, ‘आम्ही दोघं सोबत चाललो आहोत’. दुसरा म्हणजे स्वतः कुकाई. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माउली बरोबर असतातच की.” त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, की ती वाट आपण थोडी तरी पाहायची आणि बाबांना दाखवायची.

आता प्रश्न होता जायचं कसं. आमच्या घरात दोन पगार आहेत, पण सातारचं घरबांधणीचं कर्जही आहे, त्यामुळे तिघांचा प्रवास मनात आला की केला असं होत नाही. शिवाय लेकीला बस लागते. डोंगरातली वळणं आली की तिचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून स्वस्त हवं आणि थेट हवं, या दोन अटी मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिल्या.

शिकोकूत चार जिल्हे आहेत. त्यांना जपानी लोक ‘केन’ म्हणतात आणि प्रत्येकाला आपापला विमानतळ आहे. तैपेईजवळच्या ताओयुआन विमानतळाहून त्यातल्या तिघांकडे थेट विमान होतं. ताकामात्सुला चायना एअरलाइन्स २०१३ पासून जाते, मात्सुयामाला एव्हा एअरनं २०१९ मध्ये सेवा सुरू केली, आणि कोचीला टायगरएअर तैवान मे २०२३ पासून. पहिल्या दोन पूर्ण सेवेच्या कंपन्या. तिसरी स्वस्तातली, आठवड्यातून दोनच दिवस, बुधवार आणि शनिवार. मंदिरांची वाट चार जिल्ह्यांत चार टप्प्यांची मानतात. त्यातला कोचीचा टप्पा साधनेचा: जिल्हा सगळ्यात लांबलचक, आणि ८८ पैकी मंदिरं मात्र १६, चोविसाव्या क्रमांकापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत. दोन मंदिरांमध्ये दिवसदिवस समुद्राच्या कडेनं चालावं लागतं. बाबांना सांगायला हाच टप्पा योग्य, असं मला वाटलं. भाडं बघितलं तर तेही त्याच बाजूनं कौल देत होतं.

पण इथेच पहिली अडचण आली. मी जूनमध्ये बसून नोव्हेंबरची तिकिटं शोधत होते आणि ऑक्टोबरच्या शेवटानंतर कोचीची एकही तारीख दिसत नव्हती. दिनदर्शिका कोरी. मला वाटलं, सेवा बंद होणार. ऑफिसातल्या एका तैवानी मैत्रिणीनं नीट समजावलं. विमान कंपन्यांचं वर्ष दोन हंगामांत विभागलेलं असतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संपतं, तिथून पुढे हिवाळी. मोठ्या शहरांच्या मार्गांचं पुढच्या हंगामाचं तिकीट आधीपासून विकायला असतं. कोचीची सेवा मात्र चार्टर म्हणून, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, चालत होती. तिकीट एकेकट्या प्रवाशाला नेहमीसारखंच मिळतं, पण सेवेची मुदत हंगामाहंगामानं वाढवत नेतात. मुदतवाढ जाहीर झाली की तारखा उघडतात, तोवर वाट पाहायची.

ही वाट पाहणं मला सोपं गेलं नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी फोनवर त्या कोऱ्या दिनदर्शिकेकडे बघायचे. मधल्या काळात ओसाकाचे सेल येऊन गेले आणि नवरा म्हणाला, “अगं, ओसाका घेऊन टाकू आणि तिथून गाडीनं जाऊ. काय फरक पडतो?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून एका रविवारी आम्ही दोघांनी बसून घरापासून घरापर्यंतचा पूर्ण हिशेब मांडला. तोवर आम्ही तुलना करत होतो ती फक्त विमानाच्या भाड्याची.

ओसाकाचं सेलमधलं भाडं जाऊन-येऊन माणशी ५,२०० तैवानी डॉलर, म्हणजे तिघांचे १५,६००. कोचीचं भाडं मागच्या हंगामावरून अंदाजे माणशी ७,००० धरलं, म्हणजे २१,०००. एवढंच पाहिलं तर ओसाका साडेपाच हजारांनी स्वस्त. पण कान्साई विमानतळावर उतरल्यावर शिन-ओसाकाला यायचं, तिथून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेनं ओकायामा, ओकायामाला गाडी बदलून ‘नानपू’ एक्स्प्रेसनं अडीच तास डोंगरातून कोची. मोठ्या माणसाला एका वेळचे बारा हजार येनच्या आसपास, लेकीला निम्मे. जाऊन-येऊन साठ हजार येन, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळपास १३,००० तैवानी डॉलर. झाले २८,६००. बसनं गेलो तर निम्म्या पैशांत काम होतं आणि एकूण हिशेब कोचीच्या थेट विमानाएवढाच येतो. मात्र ओसाकाहून कोचीला बस पाच तास घेते, आणि आमच्या घरात बसमधल्या पाच तासांचा अर्थ काय होतो ते मी वर सांगितलंच आहे. शिवाय पाच दिवसांतले दोन दिवस नुसते जाण्यायेण्यात. नवऱ्यानं वही मिटली आणि म्हणाला, “थांबू.”

ऑगस्टमध्ये तारखा उघडल्या. आता कोणते दिवस घ्यायचे? जिथे रोज विमान असतं तिथे आपण रजा बघून तारीख ठरवतो. इथे सगळं उलटं. विमान दोनच दिवस, त्यामुळे सहलीचे आकारही दोनच: बुधवारी जाऊन शनिवारी परत, तीन रात्री, नाहीतर शनिवारी जाऊन बुधवारी परत, चार रात्री. दोन्हींत तीन-तीन दिवसच रजा पडते, हे कागदावर मांडल्यावर लक्षात आलं. चार रात्रीवाल्यात शनिवार-रविवार दोन्ही आत येतात, म्हणून एक दिवस फुकट मिळतो. आणि कोचीत रविवार असणं फार मोलाचं. तिथे किल्ल्याच्या वेशीसमोरच्या रस्त्यावर रविवारचा बाजार भरतो, १६९० पासून, सुमारे किलोमीटरभर लांब. बुधवार-शनिवार केलं असतं तर तो हुकलाच असता. वेळापत्रक आपल्या सोयीचं नसतं हे खरं, पण त्याच्या पोटात काय दडलंय ते नीट बघितलं तर सोय निघते, असा माझा अनुभव.

महिना नोव्हेंबरच का, याचीही कारणं होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तुफानांचा काळ, आणि शिकोकूची ही बाजू सरळ पॅसिफिकला तोंड करून आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तैवानात छिंगमिंगची सुट्टी, तेव्हा भाडी दुप्पट. एप्रिलअखेरीस जपानात गोल्डन वीक, तेव्हा हॉटेलं मिळत नाहीत. चिनी नववर्षाचं तर बोलायलाच नको. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात दोन्हीकडे मोठी सुट्टी नाही, पाऊस कमी, आणि आमची दिवाळी आटोपलेली.

तिकीट काढताना एक गोष्ट कळली, ती इथे जरा सविस्तर सांगते, कारण तिनं आमचे बाराशे वाचवले. मी तीन प्रवासी टाकून शोधलं तर जाण्याचं भाडं माणशी ३,८९९ दिसलं. दोन दिवसांपूर्वी एकट्याचं बघितलं होतं तेव्हा ३,२९९ होतं. वाटलं, भाव चढला. सहज म्हणून पुन्हा एकच प्रवासी टाकला, तर ३,२९९! दोन टाकले, तरी ३,२९९. तीन टाकले की ३,८९९. विमानातल्या जागा भावाच्या कप्प्यांमध्ये वाटलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण तीन मागितल्या, तर यंत्रणा दोन स्वस्तातल्या आणि एक महागातली अशी देत नाही. तिघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते. मग मी लेकीचं आणि माझं तिकीट एकत्र काढलं ३,२९९ नं, आणि नवऱ्याचं वेगळं ३,८९९ नं. परतीचं तिघांचं सारखंच होतं, ३,५९९. मूल एकट्यानं कधीही वेगळ्या तिकिटावर टाकू नये, मोठ्याबरोबरच ठेवावं, एवढी काळजी घेतली.

सामानाचंही असंच. सगळ्यात साध्या भाड्यात फक्त हातातलं सामान मिळतं, दोन नगांत मिळून १० किलो. तिघांचे झाले ३० किलो, पाच दिवसांना पुरे. जाताना म्हणून काहीच वाढवलं नाही. परतीला मात्र एक २० किलोची बॅग घेतली. बाटल्या केबिनमध्ये नेता येत नाहीत आणि कोचीहून युझू या लिंबाचा रस आणायचा होता. जाणं आणि येणं यांचं सामान वेगवेगळं घेता येतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, दोन्हीकडे सारखंच घेऊन पैसे घालवतात. सगळं मिळून २२,००० आणि थोडे वर, म्हणजे तिघांचे साधारण अठ्ठावन्न हजार रुपये.

मध्ये एका मध्यस्थ संकेतस्थळावर हेच तिकीट माणशी सहाशेनं कमी दिसलं होतं. शेवटच्या पानापर्यंत गेले तेव्हा कार्डाचं शुल्क, सेवाशुल्क आणि न मागितलेला विमा असं सगळं चढत चढत ते मूळ भाड्याच्या वर गेलं. तिथून मागे फिरले. आठवड्यातून दोनच फेऱ्या असलेल्या मार्गावर तर मी कधीच तिसऱ्याकडून तिकीट घेणार नाही. वेळापत्रक बदललं तर कंपनीनं थेट आपल्याला कळवायला हवं.

नावांबद्दल आपल्या लोकांना सांगण्यासारखं एक आहे. आपल्या पारपत्रावर आडनाव वेगळं आणि ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं अशी दोन्ही नावं एकत्र असतात. तिकिटाच्या फॉर्मवर बऱ्याच जणी फक्त स्वतःचं नाव घालतात. मी पारपत्रात आहे तसंच्या तसं, दोन्ही नावं घातली. छापून येताना ती एकमेकांना चिकटून एकच लांबलचक शब्द होतो, आणि तो वाचायला विचित्र दिसतो, पण ते चालतं. व्हिसाच्या अर्जावरही अक्षर न अक्षर तेच ठेवलं.

व्हिसा हा खरा जिवाला घोर. तैवानी माणसाला जपानला व्हिसा लागत नाही, त्यामुळे ऑफिसातले लोक मध्यरात्री सेल लागला की तिकीट काढून मोकळे होतात. आपल्याला भारतीय पारपत्रावर व्हिसा हवाच. अल्प मुदतीचा एकेरी व्हिसा निघाल्यापासून तीन महिनेच चालतो. स्वस्त तिकिटं मात्र तीन, चार, पाच महिने आधी निघतात. म्हणजे आधी व्हिसा काढून मग निवांत तिकीट घेणं जमतच नाही. तो वापरायच्या आतच संपेल. आधी तिकीट घेतलं तर व्हिसा नाकारल्यावर पैसे बुडाले. ज्यांच्याकडे आपलं पारपत्र आहे त्यांनी स्वस्त विमानाचा विचार करताना ही जोखीम आधीच हिशेबात धरावी. आम्ही ती घेतली, कारण नोकऱ्या पक्क्या होत्या, आधीचा एक व्हिसा मिळालेला होता, आणि बुडालेच तर २२,००० बुडतील हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगितलं होतं.

तैवानात राहणाऱ्या परदेशी माणसाला जपानचा ई-व्हिसा घरबसल्या मागता येतो. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज केला: फोटो, पारपत्र, इथलं निवासपत्र, नोकरीचा दाखला, बँकेचा हिशेब, विमानाच्या तारखा आणि रोज कुठे असू त्याचा तक्ता. तक्त्यात मी मंदिरांची नावं आणि क्रमांक लिहिले. आठ दिवसांनी लेकीच्या फोटोच्या पार्श्वभूमीबद्दल विचारणा आली, नवा काढून पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात तिघांचेही मंजूर झाले. त्या संध्याकाळी मी शिरा केला. ई-व्हिसाची एक अट विसरू नका: विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, प्रत्यक्ष त्या संकेतस्थळावर उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. फोन चार्ज हवा आणि डेटा हवा. मी दोन्ही फोनवर आदल्या रात्री उघडून पाहिलं.

आणखी एक विचार करून ठेवला होता, परतीचं विमान रद्द झालं तर? ओसाकाला दुसऱ्या दिवशी दुसरं मिळतं. कोचीला बुधवारचं गेलं की थेट शनिवार. म्हणून तैवानात मिळतो तो प्रवासातल्या गैरसोयीचा विमा काढला, ज्यात उशीर आणि रद्द दोन्ही येतं. आणि वहीत लिहून ठेवलं, की तसं झालंच तर कोचीहून ‘शिमांतो’ एक्स्प्रेसनं सव्वादोन तासांत ताकामात्सु, तिथून तैपेईला परत. नवऱ्यानं रजा टाकताना गुरुवारही ‘कदाचित’ म्हणून साहेबांच्या कानावर घातला. गरज पडली नाही. पण ते लिहून ठेवल्यावर मला शांत झोप लागली.

निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर तिन्ही बॅगा मांडल्या. हुकाचा वजनकाटा आणला होता; बॅग अडकवायची, हात ताठ करून उचलायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. लेक आकडा मोठ्यानं वाचायची. नऊ पूर्णांक चार. आठ पूर्णांक नऊ. माझी दहा पूर्णांक सहा. दहाच्या वर गेलेले सहाशे ग्रॅम कुठले, तर सासूबाईंनी पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीचे. तसंही लोणचं पातळ पदार्थांत धरतात, सुरक्षा तपासणीत १०० मिलिलीटरच्या वर काढून ठेवतात. बरणी परत फ्रिजमध्ये गेली. तिच्या जागी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या. मी मासे खात नाही आणि कोची म्हणजे बोनिटो माशाचं गाव. साध्या रश्शातसुद्धा त्याचाच अर्क असतो. दुकानातला पांढरा भात आणि आपलं मेतकूट यांवर माझे दोन दिवस निघाले असते, आणि निघालेही.

शनिवारी पहाटे शिन्चूहून टॅक्सीच केली. हाय-स्पीड रेल्वेनं ताओयुआन बारा-तेरा मिनिटांवर आहे, पण त्या वेळी गाडी सुरू झालेली नसते. हेही घरापासूनच्या हिशेबात धरलेलं होतं. खिडकीवर दोन वेगवेगळी तिकिटं दाखवून तिघांना जवळ बसवता येईल का विचारलं. विमान पूर्ण भरलं नव्हतं, तिघांना एक रांग मिळाली. बॅगा काट्यावर ठेवल्या तेव्हा लेकीनं पुन्हा आकडे मोठ्यानं वाचले, आणि खिडकीमागची मुलगी हसली.

अडीच-तीन तासांत खाली निळा समुद्र, मग एकदम भातखाचरं, हरितगृहांची चकचकीत छपरं, आणि चाकं टेकली. कोचीचा विमानतळ साकामोतो र्‍योमा या तिथल्या लाडक्या सुपुत्राच्या नावाचा. पण मला आठवतं ते विमानतळाचं छोटेपण. धावपट्टी ते इमिग्रेशन हे अंतर आपल्या तालुक्याच्या स्टँडवर उतरून चौकशीच्या खिडकीपर्यंत जावं तेवढं. आम्ही दोघांनी दोन्ही तर्जन्यांचे ठसे दिले. सोळाच्या आतल्या मुलांचे घेत नाहीत, म्हणून लेक हिरमुसली. अधिकाऱ्यानं तिच्या पारपत्रावर प्रवेशाची चिठ्ठी चिकटवताना ती तिच्याकडे वळवून दाखवली. बाहेर बस उभी होती. अर्ध्या तासात आम्ही शहरात, आणि लेकीला ती लागली नाही, कारण रस्ता सपाट होता. ओसाकाहून आलो असतो तर त्या वेळी अजून ओकायामालाही पोहोचलो नसतो.

रविवारचा बाजार म्हणजे आपला आठवडी बाजार. पाठीत वाकलेल्या आजीबाई, पुढ्यात ओलसर मातीसकट आल्याचे पंजे, एवढे मोठे की लेकीच्या दोन हातांत एक मावेना. जपानातलं सगळ्यात जास्त आलं याच जिल्ह्यात पिकतं. मला ते घरी न्यावंसं फार वाटत होतं, पण माती लागलेली ताजी भाजी तैवानात नेता येत नाही. मग रताळ्याची भजी घेतली, जाड, गरम, गोडसर आवरणाची, आणि रस्त्याच्या कडेला उभ्यानं खाल्ली. युझूच्या रसाच्या दोन बाटल्या घेतल्या. त्यांची जागा ऑगस्टपासून राखून ठेवलेली होती.

सोमवारी गोदाई डोंगरावर चिकुरिनजीला गेलो, एकतिसावं मंदिर. तिथला मुख्य देव मोन्जू, म्हणजे आपला मंजुश्री. शेवाळलेल्या पायऱ्या, पाच मजली मनोरा, आणि लाकडी फळ्यांवर काळ्या शाईनं लिहिलेली अक्षरं. ती जपानी नव्हती. सिद्धम् लिपी ती, कुकाई ८०४ साली चीनला गेला आणि तिथून जी शिकून आला ती. आपल्या देवनागरीची जुनी नातलग. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या कपड्यातले एक वृद्ध गृहस्थ पायऱ्या चढत होते, काठीला छोटी घंटा बांधलेली, दर पावलाला किणकिणत होती. बाबांनी फोन कानाला लावला, डोळ्यांसमोर धरायचा सोडून. “वाजतंय,” म्हणाले. मग म्हणाले, “त्यांना विचार, पाय दुखतात का.” मला तेवढं जपानी येत नव्हतं. मी हात जोडले, त्यांनी थांबून हात जोडले.

बुधवारी परतीच्या विमानासाठी रांगेत उभे असताना एक बाई प्रश्नावली घेऊन आल्या, जिल्ह्याच्या पर्यटनाचं काम करणाऱ्या. कुठून आलात, किती रात्री राहिलात, किती खर्च केला, काय आवडलं. लहान शहरांना अशी विमानं टिकवण्यासाठी धडपडावं लागतं. जागा रिकाम्या गेल्या तर पुढच्या हंगामाची मुदतवाढ होत नाही, हे मला तीन महिने कोऱ्या तारखा बघून कळलेलं होतं, म्हणून मी सगळी उत्तरं सावकाश, मनापासून लिहिली. शेवटचा प्रश्न होता: हे थेट विमान नसतं तर तुम्ही कोचीला आला असता का?

‘नाही’ या चौकटीत मी खूण केली. खाली दोन रेघा मोकळ्या होत्या. तिथे इंग्रजीत लिहिलं, की माझे वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत, तेही दरवर्षी पायी चालत एका देवळाला जातात, आणि त्यांना हा डोंगर प्रत्यक्ष पाहायचा आहे. तेव्हा शनिवारचं विमान कृपा करून चालू ठेवा. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद दोन्ही हातांनी घेतला.

विमान मागे सरकलं तेव्हा खाली पाच-सहा कर्मचारी रांगेत उभे राहून हात हलवत होते. लेक खिडकीला नाक लावून, ते दिसेनासे होईपर्यंत हात हलवत राहिली.